बारा पुड्यांची काड्यापेटी

ठमाबाईने काड्यापेटी रामटेके सरांच्या टेबलावर उलटी केली आणि बारा बारीक पुड्या घरंगळत बाहेर पडल्या.

"काऊन मास्तर, हे का होय?"

सरांनी चष्मा वर सरकवून एक पुडी उलगडली. आत नखाचे चार-पाच तुकडे. पुडीवर निळ्या पेनाने नाव लिहिलेलं, 'चंचल'. दुसरीवर 'अजय'. तिसरीवर 'मयुरी'.

"पोराईचे नखं! नावं घालून! माह्या नातीच्या, सुकरीच्या दप्तरात सापडलं. असे नखं कोन जमा करते, तुमाले ठाऊक नाई का?"

ठाऊक होतं. आमच्या भागात कापलेलं नख कुणी कुणाच्या हाती लागू देत नाही. करणी करणारा आधी तेच शोधतो, अशी समजूत आहे. ठमाबाई तर स्वतःची नखं मोहाच्या झाडाखाली पुरते. आणि गावात नखांच्या मागे लागलेला माणूस एकच, आमचे प्रफुल रामटेके सर.

मी याच शाळेत चौथीपर्यंतचे वर्ग सांभाळते, म्हणून सांगू शकते. सरांच्या खिशात पेनाशेजारी कायम नेलकटर. तेवीस वर्षं दर सोमवारी परिपाठाला रांग लावून तपासणी. शाळा सोडून गेलेली मुलं, अगदी पोलिसात भरती झालेलीसुद्धा, सर दिसले की आधी हात मागे लपवतात आणि मग हसतात. सरही हसतात. पण एकदा मला म्हणाले होते, "मॅडम, एवढी वर्षं शिकवलं, त्यातलं एकाच्या तरी डोक्यात राहिलं असेल का हो? सगळ्यांना माझं नेलकटरच आठवतं." त्यांच्या निवृत्तीला आता जेमतेम दोन आठवडे उरले होते, आणि जाता जाता कपाळी हे आलं.

"पोट्टीची माय मरतानी तिले माह्या पदरात घालून गेली," ठमाबाईचा आवाज चिरकला. "उद्यापासून सुकरी शाळेत येनार नाई. झालं!"

सर ताडकन उठले. सातवीत एवढी हुशार मुलगी दुसरी नव्हती. त्यांनी तिला बोलावलं. तिच्यामागोमाग सगळी सातवी खिडकीशी गोळा झाली.

"सुकरी, हे तू जमा केलंस?"

"हो सर."

"कशाला गं?"

"तुमीच त सांगतलं."

"आयकलं?" ठमाबाईने माझ्याकडे बघत टेबलावर हात आपटला.

"तसं नाई व आजी," सुकरी घाईने म्हणाली. "डिसेंबरात सकाळी जमीन हालली, सारे भांडे वाजले, तू मले धरून आंगनात पळाली, याद हाये ना? मंग सरनं धडा शिकवला. म्हने, आपली जमीन हिमालयाकडे सरकून राह्यली. आपलं नख वाढते ना, जवळपास तेवढ्याच चालीनं. मले त खोटं वाटलं. म्हटलं, मोजून पाहू. जमीन मोजता येत नाई, नख त येते! सोमवारी सर कापते, त्यातलं करंगळीचं मी उचलून ठेवतो. सरमिसळ नाई झाली पायजे म्हनून नावं टाकले."

सर हळूच खुर्चीत बसले. तो धडा संपता संपता खिचडीची घंटा झाली होती. मुलांच्या कानात फक्त घंटाच गेली, असंच ते धरून चालले होते.

"जमीन जाते?" ठमाबाईने विचारलं. "घर ठेवून?"

"घरासकट. मोहासकट. पेजेवर साय धरते ना आजी? खालून उकळी आली का ते फाटते, तुकडे सरकते, एकमेकाले धडकते, मंग सुरकुत्या पडते. तसंच जमिनीचं. हिमालय म्हंजे तेच सुरकुती."

ठमाबाई रागवायचं विसरली. पेज तिने जन्मभर रांधली होती, तिला कोण काय शिकवणार!

"वरसाले किती जाते?"

सुकरीने करंगळीची दोन पेरं दाखवली. "पाच सेंटीमीटर धर."

"मी सत्तरची. मंग मी किती गेली?"

"साडेतीन मीटर," खिडकीतून अजय ओरडला.

सुकरीने पट्टी घेतली आणि जमिनीवर मोजत मोजत टेबलापासून दारापर्यंत गेली. ठमाबाईने उंबऱ्याकडे पाहिलं. मग लुगडं सावरून ती तेवढं अंतर चालली, मागे वळली आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसली.

"एवढी गेली मी! आन् जलमभर रडत राह्यली का मार्कंड्याच्या जत्रेबिगर कुठीच गेली नाई!"

मग कोण ऐकतंय! सातवीची मुलं आत घुसली आणि जो तो आपापलं मोजायला लागला. कुणी साठ सेंटीमीटर, कुणी पासष्ट. पाच सेंटीमीटरवरून भांडणंसुद्धा झाली. "सर, या शाळेत तुमी एक मीटर पंधरा!" चंचलने जाहीर केलं.

"आणि मी वेडा बदलीचे अर्ज करत बसलो होतो," सर म्हणाले आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते. मला फार आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

शेवटच्या सोमवारी परिपाठाला नेहमीसारखी रांग लागली. रांगेच्या टोकाला ठमाबाई उभी. तिची पाळी आली तेव्हा तिने करंगळी पुढे केली. सरांनी जपून नख कापलं, सुकरीने कागदात धरलं आणि पुडीवर लिहिलं, 'आजी'.

"नीट ठेवजो व," ठमाबाई एवढंच म्हणाली.

मग सरांनी नेलकटर सुकरीच्या हातात दिलं आणि स्वतःची करंगळी पुढे केली. तिने जीभ दातात धरून नख कापलं. चौदावी पुडी झाली. नेलकटर परत द्यायला तिने हात पुढे केला, तर सरांनी तिची मूठ मिटवली.

दुपारच्या एसटीत मी त्यांना बसवून आले. त्यांनी खिडकीतून हात हलवला. शर्टाच्या खिशात पेन एकटंच होतं.