दोन पायांचा कन्व्हर्टर

राधिकेला घरघंटीचा झटका बसला आणि तिच्या नवऱ्याने, विनयने, तिथल्या तिथे जाहीर केलं, "आई, शनिवारी ही घराबाहेर. डोनेट करून टाकू."

रत्नाबाईंनी परात आपटली. नागपूरहून आलेली घंटी ती. अमेरिकेत, प्लेनोतल्या या घरात तिच्या पिठाशिवाय एक भाकरी थापली गेली नव्हती. "झटका दिला म्हणून घालवायची? लहानपणी तू मला कमी झटके दिलेस? ठेवलंच ना तुला!"

"अगं, मी महागातला सर्ज प्रोटेक्टर लावला होता!"

"तो आभाळातल्या विजेचा तडाखा अडवेल. घंटीच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत कोण नेणार? तू?"

बाई चौथी शिकलेली. पण नागपूरच्या घरी अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा त्यांनी स्वतःच्या हाताने भरला होता, दर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतलं होतं. त्यांनी सुनेला गाडी काढायला लावली आणि हार्डवेअरच्या दुकानातून तीन दिव्यांचा टेस्टर आणला. दोन पिवळे लागले की अर्थिंग ठीक, एवढं राधिकेने वाचून सांगितलं. मग स्वयंपाकघरापासून गराजपर्यंत एकही सॉकेट रत्नाबाईंनी सोडलं नाही.

सगळीकडे दोन पिवळे.

"बघ," विनय हसला, "घर ठणठणीत आहे. दोष तुझ्या लाडकीचाच."

 रत्नाबाई घंटीची वायर भिंतीपासून सुटी करून जमिनीवरच बसल्या आणि वायरीवरून बोट फिरवत निघाल्या. घंटीचा जाड तीन पिनांचा प्लग. पुढे भारतातल्या पिना इथल्या सॉकेटात बसवणारा पांढरा कन्व्हर्टर. त्यापुढे व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर. कन्व्हर्टर उपटून त्यांनी उलटा केला. खाली दोनच पिना.

"तिसरा पाय कुठाय याचा? अर्थिंग इथेच तुटलंय! कुणी आणलं हे लंगडं?"

विनय छताकडे पाहू लागला. राधिका हळूच म्हणाली, "आई, तुम्हीच. नागपूरला बर्डीच्या बाजारातून डझनभर आणले होते."

त्यांनी कन्व्हर्टर तळहातावर उलटसुलट करून पाहिला.

"आणले," रत्नाबाई म्हणाल्या. "चुकलं माझं." हे शब्द विनयने जन्मात पहिल्यांदा ऐकले. तो काही बोलणार तोच त्या उठल्या. "दात नको दाखवूस. मी आणलं म्हणून तुझ्यासारख्या इंजिनिअरने डोळे मिटून लावायचं? इलेक्ट्रिशियनला बोलाव, ट्रान्सफॉर्मरला अर्थिंगवालं सॉकेट बसवून घे. तोवर घंटीला कुणी हात लावायचा नाही. आणि घंटी कुठेही जाणार नाही."

"बरं बाई."

"शनिवारी गाडी मात्र काढ."

"आता कशाला?"

"उरलेले अकरा मी इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वाटलेत," टेस्टर पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या. "एकेकीच्या घरून उपटून आणायचेत."