जप्तीतलं पुडकं

तिनं कात्रीनं पोत्याची शिवण उसवली आणि आतली पुडकी टेबलावर ओतली. प्लास्टिकच्या, मानेशी वाकणाऱ्या स्ट्रॉ.

"मॅडम, बंदीच्या आधीचा माल आहे हो," दुकानदार काकुळतीला आला. "चार दिवस तरी द्या."

"दिले होते," ती म्हणाली आणि पंचनामा त्याच्यापुढे सरकवला.

तपासनीस म्हणून बाजारात तिचा दरारा होता. बंदी तिला मनापासून पटलेली. गेल्या पुरात तुंबलेल्या गटारांतून काय काय निघालं, ते तिनं उभं राहून पाहिलं होतं.

घरी थोरला भाऊ होता. अपघातात त्याचं मानेखालचं सगळं अंग गेलं होतं. स्ट्रॉ ओठांत धरून दिली की पाणी मात्र त्याचं तो प्यायचा. तेवढंच काय ते त्याच्या हातचं उरलेलं. घरातली शेवटची स्ट्रॉ धुऊन धुऊन चिरली, त्याला तीन आठवडे होत आले. कागदीचा तोंडात लगदा व्हायचा. स्टीलच्या स्ट्रॉनं हिरडी फुटली. आजाऱ्यांसाठी सवलत होती, पण तिचा अर्ज तिच्याच कचेरीत, वरच्या मजल्यावर पडून होता. मग ती चमच्यानं पाजू लागली. चार चमचे झाले की तो मान फिरवायचा.

"बस्स, चिमे. तहान नाही. तू निघ, उशीर होईल."

परवा डॉक्टरांनी लघवीचा रंग पाहून विचारलं, "पाणी कमी पितात का?"

"छे, भरपूर," उत्तर दादानंच दिलं होतं.

पोत्याला सील ठोकण्याआधी तिनं एक पुडकं पर्समध्ये टाकलं.

संध्याकाळी तिनं पेल्यात स्ट्रॉ घातली, वाकवली आणि त्याच्या ओठांशी नेली.

"परवानगी मिळाली?"

"मिळाली."

दादाशी ती आजवर खोटं बोलली नव्हती. तो क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानं ओठ पुढे केले.

पेला संपला. तळाशी स्ट्रॉ खरखरली, तरी त्यानं ती सोडली नाही. तिनं दुसरा भरला. तोही संपला. तिसऱ्याला त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. हनुवटीवरून ओघळ गळ्यात उतरला. तो पुसायचंही तिला सुचेना.

तांब्या रिता झाला.

"अजून आहे?" डोळे न उघडताच त्यानं विचारलं.