बर्फातला बांगडा

घुग्घुसच्या आठवडी बाजारात मासोळी घ्यायची रीत साधी. घमेल्यातल्या पाण्यात हात घालायचा. मासोळी उसळली तर भाव विचारायचा, नाही उसळली तर नाक मुरडून पुढे व्हायचं. अशा बाजारात साबिराने अठ्ठ्याण्णव साली समुद्राचा बांगडा आणून मांडला, तोही बर्फावर निपचित पडलेला. समोरच माझं चपलांचं दुकान. त्या बाईच्या हिमतीची मला आजही कमाल वाटते.

खाणीतले तेलुगू कामगार शिफ्ट सुटली की तिच्याकडे धाव घेत. बाकीच्यांना मात्र बांगडा डोळ्यांसमोर नको. शेजारच्या ओट्यावर जिवंत मरळ विकणारी रुखमाबाई तर तोंडावरच म्हणायची, "मेलेली मासोळी विकते. माहं गिऱ्हाईक बिचकते."

मे महिन्यात एकदा तिने बाजाराच्या ठेकेदाराच्या माणसाला, सोमाजीला, बोलावूनच आणलं.

"साबिरा, नालीपल्याड बस," तो म्हणाला. "मेलेला माल इथी नाई चालत."

नालीपल्याड कोंबड्यांची पिसं टाकतात. तिथे मासे घ्यायला कोण फिरकणार? धंदा बुडालाच म्हणायचा.

साबिरा जागची हलली नाही. बांगड्याचा कल्ला उघडून तिने सोमाजीच्या नाकासमोर धरला. "पाहा भाऊ, लाल आहे का नाई? समुद्रातून घुग्घुसले का उड्या मारत येईन हा? मी उठत नाई. उठवायचं असंन तं ओट्यासकट उठवा."

माणसं घेऊन येतो म्हणत सोमाजी सटकला. एकट्याने बाईशी भिडायची त्याची छाती नव्हतीच.

दुपारी घमेल्यातलं पाणी चटके देऊ लागलं. रुखमाबाईच्या मरळी एकेक करत मरून उलट्या तरंगू लागल्या. गिऱ्हाईक यायचं, हात घालायचं आणि नाक मुरडून जायचं. तिचा चेहरा पार उतरला. खोटं कशाला बोलू, बरी जिरली असंच मला वाटलं.

साबिराने मात्र पेटीतला बर्फ ओंजळीने काढून त्या मरळींवर ओतला.

"माह्या मासोळीवर काऊन टाकून राह्यली?" रुखमाबाई ओरडली.

"सडू नये म्हणून. आता सांगा बाई, तुमची बी मेली. नालीपल्याड मी एकटी जाऊ, का दोघी जाऊ?"

तेवढ्यात सोमाजी दोन गडी घेऊन आला. त्याने साबिराच्या पेटीला हात घातला, तशी रुखमाबाई पदर खोचून उठली. बर्फासकट आपलं घमेलं तिने धाडकन साबिराच्या ओट्यावर आणून ठेवलं.

"हात काढ," ती म्हणाली. "आमी दोघी इथीच मेलेली मासोळी विकणार. जा, सांग तुह्या मालकाले."