कुशाबाईची जीभ आणि कौसल्याबाईंची बरणी

जुनी चिनी मातीची बरणी ओळखावी ती भवानीनगरच्या कुशाबाईनं. बरणी उपडी करायची आणि बुडाला जिथं चकाकी नसते तिथं जिभेचं टोक लावायचं. पिढ्यान्‌पिढ्या लोणचं मुरलं असेल तर मीठ झिरपून बुडाला येतंच. खारट लागली तर खरी, न्हायतर "भिगवणची!"

भिगवणला हायवेवर एक जण नव्या बरण्यांना साखर कारखान्याची गोडसर मळी फासायचा, धूर द्यायचा आणि पुण्याच्या बंगलेवाल्यांना जुन्या म्हणून विकायचा. बंगलेवाले फसले याचं कुशाबाईला सुखच होतं. पण गावच्या बायाही रुखवतात तसल्याच बरण्या मांडायला लागल्या, तेव्हा कुशाबाईनं भर मांडवात बरणी चाटून शेजारच्या सारजाचं नाक कापलं. सारजाच्या लेकीचं लग्न मोडता मोडता राहिलं.

म्हणून नात उत्कर्षासाठी इंदापूरला घर बघायला निघताना मुलगा रणजितनं हातच जोडले. "आई, पोरीला पोरगा पसंत हाय. तितं जीभ आत ठिव."

"मी काय गाय हाय व्हय, दिसंल ते चाटाया?"

इंदापुरात पोरगा चांगला, घर चांगलं, चहा तेवढा पांचट. पोराच्या आईनं, कौसल्याबाईंनी, फडक्यात गुंडाळलेली बरणी आणून मधोमध ठेवली.

"आमच्या आजेसासूची. शंभर वर्सं झाली. तुमी जाणत्या, तुमीच सांगा."

कुशाबाईनं नुसतं पाहिलं. खऱ्या बरणीचा काठ लोणचं काढताना डाव आपटून आपटून एका अंगाला झिजतो. हिचा चहूबाजूंनी सारखा, कानशीनं घासल्यागत. कुशाबाईच्या जिभेला खाज सुटली. रणजितनं तिच्या पायावर पाय ठेवला. तिनं विडा तोंडात कोंबला आणि मान डोलावली.

तेवढ्यात भिंतीकडून मुंग्यांची रांग आली आणि थेट बरणीच्या बुडाखाली शिरली.

पोराचे वडील आप्पासाहेब चष्मा वर करून बघायला लागले. "आगं, लोणच्याच्या बरणीला मुंग्या?"

कौसल्याबाईंचा चेहरा असा उतरला, की बरणी कुठनं आणली ते विचारायची गरजच उरली नाही. सगळी खोली कुशाबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. कुशाबाईला आठवलं, सकाळी उत्कर्षानं न सांगता तिचे पाय चेपले होते. आणि ती पोरगी काय पाय चेपणाऱ्यातली नव्हे.

कुशाबाईनं विड्याबरोबर खरंही गिळलं.

"आप्पासाहेब, चुलीपुढचं तुमाला काय कळतंय? आजेसासू गुळांबा ठिवत आसतील हिच्यात. मुरलेला गूळ मुंग्या सोडत्यात व्हय?"

"व्हय, व्हय, गुळांबाच!" कौसल्याबाई घाईनं म्हणाल्या.

सुपारी फुटली. आनंदाच्या भरात कौसल्याबाईंनी ती बरणीच कुशाबाईच्या मांडीवर ठेवली. "जिला पारख हाय तिच्याच घरात शोभंल." नको म्हणायची सोय नव्हती.

आता ती कुशाबाईच्या फळीवर, खऱ्या बरणीशेजारी बसली, भोवती मुंग्यांसाठी हळदीचं रिंगण. इंदापूरची मुंग्यांसकट सगळी बातमी ऐकून दुसऱ्याच दिवशी सारजा आली. "आगं बया, शंभर वर्सांची! बगू तरी." तिनं बरणी उचलली, उपडी केली आणि जीभ बाहेर काढली.

"सारजे!" कुशाबाई ओरडली. "सोयऱ्यांची वस्तू हाय ती. जीभ आत घे!"

सारजानं टोक लावलंच. मग ओठ चाटत, मान डोलवत म्हणाली,

"कुशाक्का, गुळांबा लई बेस मुरलाय हो."