चार इंच की दोन इंच

बायकोच्या वाढदिवसाला मी तिच्या जीपला मोठे टायर घातले. बायको जनावरांची डॉक्टर आहे. आठवड्यातून दोनदा तिला डोंगरावरच्या वस्त्यांची फेरी असते, आणि तो रस्ता म्हणजे दगडांनी आपसात ठरवून केलेली व्यवस्था आहे. मी निवृत्त. मोकळा माणूस घरात किती घातक ठरू शकतो याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

टायर रुबाबदार दिसत होते. पहिल्याच फेरीत, घळीच्या वळणावर, स्टीअरिंग पूर्ण फिरवल्याबरोबर खर्रर्र आवाज झाला आणि चाक अडकलं. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. बायकोने अर्धा किलोमीटर गाडी उलटी आणली. घरी येऊन चहा मागितला आणि म्हणाली, "वाढदिवस छान झाला."

तिच्या ऑफिसने सांगितलं, सोमवारपर्यंत गाडी वर चढली नाही, तर डोंगराची फेरी दुसऱ्या डॉक्टरकडे. बायकोने ही फेरी बावीस वर्षं केली होती. वरच्या गाई तिला ओळखतात, असं ती म्हणते. मला त्या ओळखत नाहीत, हे मात्र मी पाहिलेलं आहे.

जुने टायर मी विकून बसलो होतो, त्यामुळे उपाय उघड होता: टायर मोठे, तर गाडी उंच करायची. नव्या स्प्रिंगा, लांब शॉकअप. प्रश्न एवढाच की किती उंच. मी चार इंचांचा. माझा मेहुणा दोन इंचांचा. त्याने आयुष्यात सायकलची चेनसुद्धा बसवलेली नाही, पण मोबाइलवर तो रोज रात्री दुसऱ्यांच्या गाड्यांखाली शिरतो.

"दाजी, चार इंच म्हणजे ताईला शिडी लागेल."

"दोन इंच म्हणजे तुझ्या ताईला पुन्हा रिव्हर्स लागेल."

आम्ही दोघांनी अंगणात गाडी उभी करून टेपने मोजमापं घेतली. टायरच्या वर हाताचा पंजा जातो की नाही, ते पाहिलं. त्याचा जात होता, माझा अडकत होता. त्यावर आम्ही दोन दिवस भांडलो. शेवटी मी चार इंचांचा सेट गुपचूप मागवला.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं मिस्त्रीच्या गॅरेजात पोचलो. मिस्त्री अबोल माणूस. त्याने माझं स्प्रिंगांचं खोकं घेतलं, जमिनीवर ठेवलं आणि त्यावर बसला.

"गाडी कुठे घासते?"

"वर," मी म्हणालो.

"वरच," मेहुणा म्हणाला. आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

"पाहिलंत?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तसं कोणीच पाहिलं नव्हतं.

मिस्त्रीने खडूची पूड पाण्यात कालवली आणि जुन्या ब्रशने चाकावरच्या कमानीला आतून सगळीकडे फासली. खोलीला चुना देतात तशी. मग बायकोला म्हणाला, "डॉक्टरबाई, डावं चाक त्या ठोकळ्यावर चढवा. आणि स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत."

ठोकळा दीड फूट उंच होता. गाडी एका बाजूने वर गेली, चाक कमानीत घुसलं. मी डोळे मिटले. स्टीअरिंग फिरलं. खर्रर्र.

मिस्त्रीने टॉर्च मारला. वरचा खडू जसाच्या तसा होता. बोटाचाही ठसा नव्हता. पुसला गेला होता तो फक्त पुढच्या बंपरचा मागचा कोपरा, चाकाच्या पोटासमोर. तळहाताएवढा तुकडा.

"वर कुठेच लागत नाही," मिस्त्री म्हणाला. "हा प्लॅस्टिकचा कोपरा तेवढा आडवा येतोय. टायर मोठा, त्याचं पोट पुढे आलंय. वळताना तिथे लागणारच."

"मग चार इंच?" मी विचारलं.

"चार इंच उचलली तरी पोटाला कोपरा लागणारच, जरा खालून. शिवाय गाडी डुगडुगेल. तुमच्या वळणावर उतार कुठल्या बाजूला आहे?"

"घळीकडे," बायको म्हणाली.

"मग गाडी घळीकडे कलेल."

चार इंच मी पसंत केले होते. रंगसुद्धा निवडला होता, लाल. त्या लाल स्प्रिंगांवर बसवून मी बायकोला घळीत पाठवणार होतो, आणि वर तिने आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती. मी टूलबॉक्सवर टेकलो. मेहुण्याचा चेहरा खडूसारखा झाला होता. दोन इंचांनीही तेच, फक्त जरा कमी झालं असतं, हे त्यालाही कळलं असावं.

"कोपरा कापायचा," मिस्त्री म्हणाला. "पण माझा कटर दुरुस्तीला गेलाय. मंगळवारी या."

"सोमवारी फेरी हातची जातेय," बायको म्हणाली.

तिने गाडी खाली घेतली, मागे जाऊन औषधांची पेटी उघडली आणि एक तार बाहेर काढली. दोन्ही टोकांना मुठी. जनावरांची शिंगं कापायची तार.

"अगं..." मी म्हणालो.

"खडू कुठवर पुसलाय, दाखवा," ती मिस्त्रीला म्हणाली.

त्याने बोट ठेवलं आणि परत खोक्यावर जाऊन बसला. तिने तार अडकवली, गुडघा टेकला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बंपर अजून हप्त्यांवर असल्यासारखा मी कण्हलो. कोपरा टपकन खाली पडला. मिस्त्री खोक्यावरून उठून उभा राहिला. हा माणूस कोणासाठी उठलेला मी याआधी पाहिलेला नाही.

"दुसरी बाजू," ती म्हणाली.

दुसरी बाजू झाल्यावर ती गाडीत बसली. गाडी पुन्हा ठोकळ्यावर चढवली, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत. आम्ही तिघांनी कान लावले. काहीच नाही. नुसतं इंजिन.

"चालेल?" मिस्त्रीने विचारलं.

"वळणावर कळेल," ती म्हणाली, ठोकळ्यावरून गाडी उतरवली, फाटकातून बाहेर काढली आणि डोंगराच्या रस्त्याला लागली.

आम्ही दोघं फाटकात उभे. तासाभराने माझा फोन वाजला. पलीकडून गाय हंबरत होती, अगदी जवळून.

"वळले," बायको म्हणाली. "एका दमात. इथे एक व्यायला अडलीये, वेळ लागेल."

"आम्ही घरी कसं यायचं?"

तोवर तिने फोन ठेवला होता.