अनध्यायातले खेकडे

सूर्यनारायणरावांचा विज्ञानावर जितका विश्वास होता, त्याहून थोडा जास्त विश्वास आपण वैज्ञानिक आहोत यावर होता. तंजावरच्या राजवाड्यामागच्या मराठी गल्लीत आपल्याइतका सुधारलेला माणूस दुसरा नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. गल्लीचंही तेच मत होतं, फक्त गल्ली ते जरा वेगळ्या सुरात बोलून दाखवायची. कारण सूर्यनारायणराव खेकडे मोजत.

गावच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसरांनी बोलायचं आणि ह्यांनी बेडूक फाडून दाखवायचा. जन्मभर बेडूक फाडायचे नसतील तर एकच वाट होती, मद्रासची संशोधनाची शिष्यवृत्ती. ती हवी तर समुद्रातल्या जिवांवर निबंध लिहून तिथल्या विद्वानांपुढे वाचायचा, आणि तिथल्या साहेबाला हल्ली नुसती वर्णनं पुरत नसत, त्याला आकडे लागत.

विषय त्यांनी हेरूनच निवडला. नागपट्टणमचे कोळी म्हणत, पुनवेचा खेकडा आतून पोकळ आणि अवसेचा भरलेला. ही भोळी समजूत आकड्यांनी कायमची गाडून टाकायची, असा त्यांचा बेत होता. टोपली सकाळच्या गाडीनं यायची. घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बैठक मारून ते एकेका खेकड्याच्या कवचाची रुंदी मोजत आणि सोनाराकडून मागून आणलेल्या तराजूत त्याचं वजन करत. तो तराजू सोनारानं पुन्हा कधी मागितला नाही.

आई गंगाबाईंनी मात्र फारशी कुरकुर केली नाही. सोवळ्याच्या घरात खेकडे म्हणजे अतीच झालं, पण एकुलता एक मुलगा, आणि त्यातून हट्टी. त्यांनी एवढंच सांगितलं, "एकादशीला हें माझ्या दारांत नको. बाकी तुझें तूं पाहा."

खेकडे मोजणं सोपं होतं, मोजलेल्याचा अर्थ लावणं कठीण. त्यासाठी सूर्यनारायणराव गणिताचे निवृत्त मास्तर कृष्णाजीमामा यांच्याकडे जाऊन बसू लागले. मामांनी नवं आकडेशास्त्र पुस्तकावरून स्वतःच शिकून घेतलं होतं आणि शिष्य मिळत नाही म्हणून ते खंतावले होते. शिष्य सापडल्यावर त्यांनी त्याला सोडला नाही.

"लग्नाच्या पंगतींतला प्रत्येक वडा मोजलास, तर सरासरी कळेल," मामा म्हणत. "पण आचारी कसा आहे, तें सरासरी सांगत नाहीं. वडे त्या सरासरीपासून किती लांब पळतात, तें सांगतें. त्याला म्हणायचें विचलन."

मग वर्ग करायचे, बेरजा करायच्या, मुळं काढायची. हातचा एक विसरला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. सूर्यनारायणरावांना सुरुवातीला रडू यायचं बाकी राहिलं होतं. पण हळूहळू गोडी लागली. रसम भुरकताना ते द्रोणांचं विचलन काढू लागले. दोन ढिगांतला फरक खरा की योगायोगाचा, हे आकडे सांगू शकतात हे कळलं, त्या दिवशी तर ते पोरासारखे हरखले. अशी गोष्ट आपल्याला कोणी आधी का सांगितली नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

वर्ष सरलं. शुक्लपक्षातले खेकडे एका ढिगात, कृष्णपक्षातले दुसऱ्या. दोन्ही ढीग तंतोतंत सारखे निघाले. मामांनी सगळं गणित स्वतः ताडून पाहिलं आणि कुठेही चूक नाही असा निर्वाळा दिला. चंद्राचा आणि खेकड्याचा काडीचा संबंध नाही! निबंध मद्रासला गेला, पसंत पडला, वाचायला बोलावणं आलं.

निघायच्या आदल्या सकाळी गंगाबाई कापीचा, म्हणजे कॉफीचा, पेला घेऊन ओट्यावर आल्या. मुलगा कशासाठी एवढा फुलून गेलाय ते त्यांना समजून घ्यायचं होतं. सूर्यनारायणरावांनी अगदी सोपं करून सांगितलं.

गंगाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण सूर्या, पुनवेचा खेकडा तूं कधीं पाहिलास?"

"वर्षभर पाहतों आहें, अम्मा."

"पुनवेला टोपली येतच नाहीं."

सूर्यनारायणरावांचा पेला ओठांपाशीच थांबला. ते आत जाऊन कागद घेऊन आले, भिंतीवरचं पंचांग उतरवलं आणि तारखांपुढे तिथी मांडू लागले. पुनवेचा खेकडा नव्हता. अवसेचा नव्हता. चतुर्दशीचा नव्हता, प्रतिपदेचा नव्हता, अष्टमीचाही नव्हता. ज्या दिवसांबद्दल वाद होता नेमके ते दिवस सोडून त्यांनी बाकीचे दिवस अत्यंत काटेकोरपणे मोजले होते.

"तुझ्या त्या नियमापायीं!" ते कडाडले. "तुझ्या सोवळ्यापायीं माझें सगळें बुडालें!"

"मीं एकादशी सांगितली होती," गंगाबाई म्हणाल्या. "पुनव-अवस तुझी. त्या दिवशीं अनध्याय म्हणून टोपली नको, असा निरोप तूंच धाडला होतास. तुझ्या अप्पांच्या पाठशाळेंत त्या दिवशीं पोथी मिटलेली असायची ना. तेव्हांपासून तूं त्या तिथींना पुस्तकाला हात लावत नाहींस. मला वाटलें, खेकड्यांचेंही तसेंच असेल."

हे खरं होतं. निरोप त्यांनीच धाडला होता, आणि धाडताना एक क्षणही विचार केला नव्हता. अभ्यासाचं काम, अनध्यायाला बंद, इतकं ते सरळ होतं. समजुती गाडायला निघालेल्या माणसाला आपण कुठल्या समजुतीवर बसून गाडतोय ते दिसलंच नव्हतं. ते लाजेनं लाल झाले.

ते तसेच मामांकडे गेले. मामा म्हणाले, "गणित बरोबर आहे रे. वाचून टाक. तिथें कोण पंचांग उघडून बसणार आहे?"

सल्ला व्यवहाराचा होता. शिष्यवृत्ती हातातोंडाशी आली होती आणि कॉलेजात बेडूक वाट पाहत होते. सूर्यनारायणरावांनी सामान बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग निबंधाच्या शेवटी एक वाक्य जोडलं. कोळ्यांना वर्षभर अडाणी म्हणून झालं होतं, आता स्वतःला त्यातून वगळायला मन धजेना.

मद्रासच्या सभागृहात त्यांनी ते वाक्य वाचलं. चतुर्दशी ते प्रतिपदा, अष्टमी आणि एकादशी, ह्या तिथींना मोजणी झालेली नाही, सबब पौर्णिमा-अमावास्येबद्दल हा निबंध काहीच सांगू शकत नाही.

अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबानं विचारलं, "का झालेली नाही?"

सूर्यनारायणरावांनी कारण सांगितलं. आता हशा पिकणार म्हणून त्यांनी खांदे आवळून घेतले. पण कोणी हसलं नाही. समोरच्या रांगांत राव होते, अय्यर होते, अय्यंगार होते, आणि ते सगळे एकदम आपापल्या बुटांकडे पाहू लागले होते. एका वृद्ध प्रोफेसरांनी तेवढं आस्थेनं विचारलं, "प्रतिपदेलाही नाही ना?"

"नाही."

"मग ठीक," ते समाधानानं म्हणाले.

साहेबानं हा प्रामाणिकपणा फार वाखाणला. शिष्यवृत्ती त्यानं कालवांवर निबंध वाचणाऱ्या दुसऱ्या तरुणाला दिली, ज्याच्या कोष्टकात कसलीच उणीव नव्हती.

घरी आल्याबरोबर गंगाबाईंनी विचारलं, "मिळाली?"

"नाहीं. दुसऱ्याला दिली. त्याचें काम निर्दोष होतें."

"त्यानें पुनवेला मोजलें होतें?"

"कोण जाणे. त्यानें तारखाच लिहिल्या नव्हत्या."

गंगाबाईंनी मुलाच्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली. मग म्हणाल्या, "मग तूं कां लिहिल्यास?"

सूर्यनारायणरावांना मद्रासला आला नव्हता एवढा राग आला, कारण गाडीत सगळी वाटभर ते स्वतःला हेच विचारत आले होते. त्यांनी तिथल्या तिथे नागपट्टणमला निरोप धाडला.

पुनवेला टोपली आली. सूर्यनारायणराव ओट्यावर बसले. गल्लीत कोणी पाहत नाही ना, हे त्यांनी आधी पाहून घेतलं, आणि आपण पाहून घेतलं ह्याची त्यांना पुन्हा लाज वाटली. पहिला खेकडा उचलून त्यांनी तराजूत ठेवला. हलका होता. एका खेकड्यावरून काही सिद्ध होत नाही, असं मोठ्यानं म्हणत त्यांनी दुसरा उचलला.

तोही हलकाच होता.