बिनरोलचा कॅमेरा

मेहकरच्या बाजारगल्लीत इंद्रभानचं फोटोचं दुकान होतं. पासष्ट सालच्या पावसाळ्यात शाळेतले अर्जुनराव मास्तर त्याच्याकडे वर्तमानपत्र घेऊन आले. एक यान मंगळाजवळून गेलं होतं आणि त्यानं काढलेले फोटो बिनतारी लहरींवरून पृथ्वीवर पोचले होते. मंगळावर माणसं असतील का, हे मास्तरांचं कुतूहल. इंद्रभाननं एवढंच विचारलं, की त्या यानातला रोल धुतला कोणी? मास्तर म्हणाले, रोल नव्हताच.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून हनुवटी सरळ करता करता तो सांगायचा, की बिनरोलचा कॅमेरा येणार. खिशात मावेल एवढा, आणि रंगीत. खटका दाबला की फोटो तिथल्या तिथं दिसेल, डोळे मिटले असतील तर दुसरा काढता येईल. मग तुमचं दुकान कसं चालणार, असं कोणी विचारलं तर तो मनापासून हसायचा. दुकान बुडालं तरी चालेल म्हणायचा, घरोघरी फोटो तर होतील.

त्याच्या स्वतःच्या घरात एकही नव्हता. लग्नाचे फोटो निघाले नाहीत, कारण गावात फोटो काढणारा तोच आणि बोहल्यावरही तोच. बायको पुष्पा अंधाऱ्या खोलीत त्याच्या बरोबरीनं राबायची, ओले फोटो दोरीवर वाळत घालायची. तिच्या बोटांना सदा औषधाचा वास. गावातल्या कितीतरी नवऱ्यामुलींचे चेहरे तिच्या हातून गेले. मधूनच म्हणायची, माझाही एक काढा. तो म्हणायचा, थांब, तुझा त्या नव्या कॅमेऱ्यानं काढू. तिच्या डोळ्यांत घारी झाक होती, ती काळ्या-पांढऱ्यात हरवेल असं त्याला खरंच वाटायचं.

सदुसष्टच्या दिवाळीनंतर पुष्पाला कावीळ झाली. गावातलं औषध झालं, बुलढाण्याला नेऊन झालं. ताप उतरेना, अन्न जाईना. एके सकाळी तिनं स्वतःच वेणी घातली, अंगावर पिणाऱ्या लेकीला, शालूला, मांडीवर घेतलं आणि अंगणात पाटावर येऊन बसली.

"काळ्या-पांढऱ्यात पिवळं दिसत नाही ना?" तिनं विचारलं.

"नाही दिसत."

"मंग आजच काढा. माह्याच्यानं आता वाट पाहनं होत नाही."

त्यानं घाईघाईत कॅमेऱ्यात नवा रोल भरला. हलू नको, हलू नको म्हणत तो खटका दाबत गेला. दर वेळी पुष्पा श्वास धरून बसायची आणि फोटो झाला की भिंतीला टेकायची. त्याच आठवड्यात ती गेली.

तेरवी झाल्यावर त्यानं रोल धुतला. पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेसारखी कोरी निघाली. रोलचं टोक आतल्या चकरीत अडकलंच नव्हतं. खटका वाजत होता, किल्ली फिरत होती, आणि फिल्म जागची हलली नव्हती. अंगणातच कळलं असतं तर दुसरा रोल भरायला कितीसा वेळ लागला असता? तो अंधाऱ्या खोलीतून दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

जानेफळहून सासू तानुबाई फोटो मागायला आली तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं. ती परत गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी धाकट्या मुलीला, गोजरला, घेऊन आली. बरोबर पुष्पाचं लुगडं होतं.

"जावईबापू, दोघीयचं तोंड एकच हाय," ती म्हणाली. "देवाजवळ ठेवाले मले माही पोरगी पायजे."

इंद्रभान नाही म्हणाला. म्हातारी उंबऱ्यावर बसून राहिली, उठेनाच. शेवटी त्यानं गोजरला स्टुलावर बसवलं. पोरीच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. तिलाही तो हलू नको म्हणाला. मग पेन्सिलीनं हनुवटीवर पुष्पाचा तीळ काढला. फोटो फार चांगला आला. एक जानेफळला गेला, एक त्याच्या भिंतीवर लागला, त्याला हार पडला.

सुरुवातीला फोटोकडे पाहिलं की त्याला फरक टोचायचा. ओठ असा नव्हता, कपाळ एवढं रुंद नव्हतं. उन्हाळा आला तसा तो फरक बोथट झाला. डोळे मिटून पुष्पाला आठवू लागला की भिंतीवरची बाईच समोर येई. एकदा त्यानं घाबरून तानुबाईला विचारलं, की पुष्पाचे कान कसे होते. म्हातारीनं मान वळवून फोटोकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

गोजरला पदरात घ्या, असंही तिनं एकदा सुचवलं. ते त्याच्यानं होणार नव्हतं. गोजर बीबी गावात दिली.

एकोणसत्तर साली माणूस चंद्रावर उतरला. अर्जुनराव पुन्हा वर्तमानपत्र घेऊन आले. तुमचा तो कॅमेरा आता लांब नाही म्हणाले. इंद्रभाननं वर्तमानपत्राची घडी तशीच ठेवली.

"येईन तो, मास्तर," तो म्हणाला. "पन आता काढू कोनाचा?"

पुढच्या संक्रांतीला गोजर माहेरी जाताना मेहकरला उतरली. शालू आता चांगली बोलत होती. दारात गोजरला पाहिलं आणि ती थबकली. भिंतीकडे पाहिलं, परत दाराकडे पाहिलं, आणि "आई" म्हणून धावत जाऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. गोजरनं इंद्रभानकडे पाहिलं. मग तिनंच पोरीला उचललं, जेवू घातलं, तिची वेणी घातली. दिवसभर शालू तिच्या कडेवरून उतरली नाही.

संध्याकाळी जानेफळची गाडी लागली. शालूची बोटं लुगड्यातून एकेक करून सोडवावी लागली. गाडी फाट्याकडे वळली तरी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून हाका मारत होती, आणि इंद्रभान तिच्यामागे उभा होता. तिला जवळ घ्यायला त्याचा हात उचलत नव्हता.